मानवी हक्क कोणत्या संस्कृतीचे?

(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने मला जो विषय दिला आहे तो वरवर पाहता फार मोठा आणि परदेशी वाटेल असा आहे. लोकशाही आणि मानवी हक्क या कल्पना एका संस्कृतीतून दुसऱ्या संस्कृतीत नेता येतात काय, असा हा प्रश्न आहे. महाविद्यालयातील मुलांच्या तोंडी तो अलीकडे वारंवार ऐकू येतो. कोणी म्हणतो, या पाश्चात्त्यांच्या कल्पना आहेत, त्या आपल्या मातीत रुजणार नाहीत. कोणी म्हणतो, आपल्याकडे हे सारे पूर्वीपासून होतेच, बाहेरून आणण्याची गरज नव्हती. ही दोन्ही उत्तरे मला अपुरी वाटतात. ती का अपुरी वाटतात, ते मी आपणापुढे थोडक्यात मांडणार आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. कल्पनेचे भाषांतर झाले की नाही हे पाहायचे तर आधी शब्दाचे काय झाले ते पाहावे.

'लोकशाही' हा आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द. त्यातला 'लोक' संस्कृतचा आणि 'शाही' फारसीतून आलेली. निजामशाही, आदिलशाही, कुतुबशाही हे शब्द महाराष्ट्राच्या तोंडात शतकानुशतके होते. शहा म्हणजे राजा. मराठी माणसाने शहाला गादीवरून उतरवले आणि तेथे लोकांना बसवले. शब्दाची घडण मात्र तीच ठेवली. कल्पना बाहेरची होती, साचा घरातला होता, आणि आज खेड्यातल्या निरक्षर आजीलाही हा शब्द परका वाटत नाही.

'हक्क' या शब्दाची गोष्ट आपल्याला अधिक जवळची आहे. हा शब्द अरबीतून आला. परंतु मानवी हक्कांची गोष्ट कोणी बोलू लागण्याच्या कितीतरी आधीपासून तो गावगाड्यात रुळलेला होता. पाटलाचा हक्क, कुलकर्ण्याचा हक्क, बलुतेदारांचे हक्क. आपल्या पूर्वजांचे तर 'बावन्न हक्क' सांगितले जात. बेदरच्या बादशहाने ते दिल्याची कथा आपल्यातल्या जुन्या माणसांनी ऐकलेली असेल. खळ्यावरचे धान्य, सणावाराची भाकर, मेलेल्या जनावराचे कातडे, प्रेतावरचे कापड असे ते हक्क होते. त्याच्या बदल्यात वेस राखायची, सरकारी कागद पोचवायचे, दवंडी द्यायची आणि मेलेली जनावरे ओढायची. म्हणजे हक्क होते, आणि त्यांची यादीही लांब होती. परंतु ते माणसाला मिळाले नव्हते, जातीला मिळाले होते. त्या हक्कानेच माणूस गावाच्या वेशीबाहेर बांधला गेला होता.

'अधिकार' या संस्कृत शब्दाचेही तेच. धर्मशास्त्रात अधिकार म्हणजे पात्रता. यज्ञ कोणी करावा, वेद कोणी ऐकावा याची ती पात्रता होती. शूद्राला तो अधिकार का नाही याची चर्चा ब्रह्मसूत्रांच्या भाष्यांत सविस्तर आढळते.

तेव्हा ध्यानात घ्या, महाराष्ट्रात मानवी हक्कांचे भाषांतर झाले म्हणजे नवा शब्द आला असे घडले नाही. जुन्या शब्दाला जन्मापासून तोडून माणसाला जोडावे लागले. ते काम कोशात बसून झाले नाही. जोतीराव फुले यांनी टॉमस पेन या इंग्रजी लेखकाचा मानवी हक्कांवरील ग्रंथ वाचला होता. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक काढले, ते अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केले. परंतु पुस्तकातली भाषा आपल्या शेतकऱ्याची, शूद्रातिशूद्राची होती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनासंबंधीच्या कायद्यात सुधारणा करणारे विधेयक आणले. बावन्न हक्कांच्या त्या जोखडावर हा घाव होता. वतनाबरोबर जमिनीचा तुकडा होता, त्यामुळे ते सोडणे सोपे नव्हते. कनिष्ठ गाववतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले. एका शब्दाचा अर्थ बदलायला किती वेळ लागतो, हे त्यावरून कळते.

आता आशियाच्या पटाकडे वळू, कारण हा वाद तेथे उघडपणे झाला.

१९९३ च्या जून महिन्यात व्हिएन्ना येथे संयुक्त राष्ट्रांची मानवी हक्क परिषद व्हायची होती. तिच्या तयारीसाठी मार्चअखेर आशियातील सरकारांचे प्रतिनिधी बँकॉक येथे जमले. त्यांनी जाहीरनामा काढला. मानवी हक्क सार्वत्रिक आहेत हे त्यांनी मान्य केले, परंतु प्रत्येक देशाचा इतिहास, संस्कृती आणि धर्म यांची वैशिष्ट्ये ध्यानात घेतली पाहिजेत, असे त्यात घातले. सिंगापूरचे माजी पंतप्रधान ली क्वान यू हे याच मताचे सर्वांत बुद्धिमान पुरस्कर्ते होते. पूर्व आशियात कुटुंब आधी, समाज आधी, व्यक्ती नंतर. तेव्हा पश्चिमेची लोकशाही जशीच्या तशी येथे लागू पडणार नाही, असा त्यांच्या १९९४ सालच्या एका गाजलेल्या मुलाखतीचा सूर होता.

या म्हणण्यात काहीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. ज्या राष्ट्रांनी दीडशे-दोनशे वर्षे आशिया आणि आफ्रिका लुटली, त्यांनी उद्या उठून आम्हाला हक्कांचे धडे द्यावेत, याचा राग येणे साहजिक आहे. १९४७ साली अमेरिकेतील मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेनेही संयुक्त राष्ट्रांना निवेदन देऊन बजावले होते की, एका संस्कृतीची मूल्ये जगावर लादली जाऊ नयेत. वसाहतींच्या राज्यात 'मागासलेल्या' लोकांचा जो अपमान झाला, तो त्या विद्वानांना दिसत होता. २००३ साली इराकवर सैन्य घालून तेथे लोकशाही आणण्याच्या गोष्टी झाल्या, त्यातून काय निष्पन्न झाले तेही जगाने पाहिले.

परंतु मित्रहो, येथे एक प्रश्न विचारलाच पाहिजे. संस्कृतीच्या वतीने बोलत कोण होते? बँकॉकमध्ये सरकारांचे प्रतिनिधी बोलत होते. त्याच शहरात, त्याच्या काही दिवस आधी, आशियातील शंभराहून अधिक स्वयंसेवी संघटनाही जमल्या होत्या. त्याही आशियाच्याच होत्या. कोणी स्त्रियांसाठी काम करणारे, कोणी कामगारांसाठी, कोणी आदिवासींसाठी. त्यांनीही आपला जाहीरनामा काढला आणि मानवी हक्क सार्वत्रिक आहेत, संस्कृतीच्या नावाखाली ते नाकारता येणार नाहीत, असे म्हटले. एकाच महिन्यात, एकाच शहरात, आशियाचे दोन आवाज! त्यांतला सत्तेवर बसलेल्यांचा आवाज कोणता आणि सत्तेचा मार खाणाऱ्यांचा कोणता, हे वेगळे सांगायला नको.

ली क्वान यू यांना सर्वांत समर्थ उत्तर एका आशियाई माणसानेच दिले. दक्षिण कोरियाचे किम डे-जुंग हे ते गृहस्थ. लष्करी राजवटीविरुद्ध लढल्याबद्दल १९७३ साली टोकियोतून त्यांचे अपहरण झाले होते. १९८० साली लष्करी न्यायालयाने त्यांना फाशीची शिक्षा सुनावली होती. १९९४ साली लिहिलेल्या लेखात त्यांनी दाखवले की, राजापेक्षा प्रजा श्रेष्ठ हा विचार चीनच्या मेन्शियसने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सांगितला आहे. कोरियातल्या दोंगहाक पंथाने माणूस हाच स्वर्ग अशी शिकवण दिली आहे. म्हणजे संस्कृतीच्या त्याच पेटीतून एकाने आज्ञापालन काढले आणि दुसऱ्याने स्वातंत्र्य काढले. पेटीत दोन्ही होते.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. १९८७ च्या जून महिन्यात कोरियातील विद्यार्थी आणि सामान्य नागरिक रस्त्यावर उतरले आणि राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक त्यांनी मिळवली. १९९८ साली किम डे-जुंग राष्ट्राध्यक्ष झाले. २००० साली त्यांना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री तेथील राष्ट्राध्यक्षांनी अचानक लष्करी कायदा पुकारला, तेव्हा काही तासांत संसदेचे १९० सदस्य सभागृहात पोचले आणि सर्वांनी एकमताने तो उठवण्याचा ठराव केला. बाहेर थंडीत लोक उभे होते. एप्रिल २०२५ मध्ये घटना न्यायालयाने त्या राष्ट्राध्यक्षांना पदावरून दूर केले. ज्या समाजाच्या अंगात आज्ञापालन मुरलेले आहे असे सांगितले जात होते, त्याच समाजाने हे केले.

आता मानवी हक्कांचा जाहीरनामा खरोखर पश्चिमेने एकट्याने लिहिला काय, तेही तपासून पाहू. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे तो मंजूर झाला. मसुदा समितीच्या अध्यक्षा अमेरिकेच्या एलिनॉर रूझवेल्ट होत्या हे खरे. परंतु त्या कामात चीनचे पी. सी. चँग होते, लेबनॉनचे चार्ल्स मलिक होते, चिलीचे प्रतिनिधी होते. पहिल्या कलमात देवाचा किंवा निसर्गाचा हवाला नको, कारण जगात अनेक श्रद्धांचे लोक आहेत, असा आग्रह चँग यांनी धरला. त्याच कलमात बुद्धीच्या जोडीला सदसद्विवेक आला, तोही त्यांच्या सूचनेवरून. त्यांच्या मनात कन्फ्यूशियसच्या परंपरेतील 'रेन' हा शब्द होता. दुसरा माणूस आपल्यासारखाच आहे याची जाणीव, असा काहीसा त्याचा अर्थ.

मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहता होत्या. आपल्या घटना समितीच्याही त्या सदस्य होत्या. पहिल्या कलमाच्या इंग्रजी मसुद्यात माणसासाठी जो शब्द घातला होता त्याचा अर्थ पुरुष असाही होतो, आणि त्याचा फायदा घेऊन काही देश स्त्रियांना वगळतील, हे त्यांनी ओळखले. त्यांच्या आग्रहामुळे 'सर्व मानव' असे शब्द तेथे आले. पाकिस्तानच्या शाइस्ता इकरामुल्ला यांनी विवाहातील संमतीच्या कलमाची बाजू लावून धरली, कारण बालविवाह आणि सक्तीचे विवाह त्यांनी जवळून पाहिले होते. आशियाच्या स्त्रियांनी आपल्या अनुभवातून त्या जाहीरनाम्यात जे घातले, त्याला परके कसे म्हणावे?

मतदानात ४८ देश बाजूने होते, विरोधात एकही नव्हता, ८ तटस्थ राहिले. तटस्थांत सोव्हिएत गटाचे सहा देश होते, सौदी अरेबिया होता, आणि वर्णभेदाचे राज्य चालवणारा दक्षिण आफ्रिका होता. त्या काळी आफ्रिका आणि आशियाचे बहुतेक देश पारतंत्र्यात असल्याने मतदानाला नव्हते, ही त्या जाहीरनाम्यातली मोठी उणीव होती. परंतु स्वतंत्र झाल्यावर त्याच देशांतल्या लोकांनी तो जाहीरनामा हाती धरून आपल्याच सरकारांना जाब विचारला. ज्या मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेने १९४७ साली इशारा दिला होता, तिनेच १९९९ साली मानवी हक्कांच्या बाजूने जाहीरनामा काढला.

आता आपल्या घरातला प्रश्न घेऊ. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली. तेव्हा अध्यक्षपदावरून बोलताना त्यांनी महाडच्या त्या सभेची तुलना फ्रान्समधील १७८९ च्या राष्ट्रीय सभेशी केली. कोकणातल्या एका गावी जमलेल्या, बहुतेक निरक्षर असलेल्या माणसांपुढे त्यांनी फ्रान्सचा दाखला दिला! आणि १९५४ सालच्या ऑक्टोबरात आकाशवाणीवर बोलताना त्याच बाबासाहेबांनी सांगितले की, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, ती आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतली आहेत.

काही टीकाकारांना यात विसंगती दिसते. मला ती दिसत नाही. १९२७ साली त्यांनी दाखवले की जगात दुसरीकडे माणसे जर जन्मजात उच्चनीचता मोडू शकतात, तर आपणही मोडू शकतो. १९५४ साली त्यांनी दाखवले की ही गोष्ट आपल्या भूमीत आधीच बोलली गेली होती आणि तिचा विसर पाडण्यात आला. पाणी पिण्याचा हक्क सांगताना ते कोणत्या देशाच्या नळाने आले हे तहानलेला विचारत नाही. परंतु रोज पाणी प्यायचे असेल तर विहीर आपल्या अंगणात असावी लागते.

या विहिरीविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण आपल्या विद्यार्थ्यांना ते ठाऊक असले पाहिजे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढील भाषणात बाबासाहेबांनी सांगितले की, भिक्खूसंघाला सभाशास्त्राचे सर्व नियम माहीत होते. विनयपिटक पाहिले तर याची खात्री पटते. संघापुढे प्रस्ताव मांडण्याला 'ञत्ति' म्हणत. काही कामांत प्रस्ताव मांडून एकदा पुकारा होई, उपसंपदेसारख्या महत्त्वाच्या कामांत तीनदा पुकारा होई. कोणाचा विरोध असेल त्याने बोलावे, नसेल त्याने मौन राहावे. कामानुसार गणसंख्या ठरलेली होती : कोठे चार, कोठे पाच, कोठे दहा, कोठे वीस भिक्खू. आजारी भिक्खूला आपली संमती दुसऱ्याबरोबर पाठवता येई. वाद मिटला नाही तर शलाका, म्हणजे लाकडाच्या काड्या वाटून बहुमत पाहिले जाई. शाक्य राजपुत्रांच्या आधी उपाली न्हाव्याला प्रव्रज्या मिळाली, म्हणजे राजपुत्रांना त्याला वंदन करावे लागले.

चुल्लवग्गातला एक नियम मला विशेष महत्त्वाचा वाटतो. गुप्त पद्धतीने शलाका घेतल्या आणि अधम्माच्या बाजूला जास्त शलाका पडल्या, तर त्या नीट घेतल्या गेल्या नाहीत असे समजून पुन्हा घ्याव्यात, असे तेथे सांगितले आहे. आधुनिक माणसाला हे खटकेल. परंतु त्यामागचा विचार पाहा. बहुमत झाले म्हणजे अन्याय न्याय होत नाही. आजची राज्यघटना दुसऱ्या मार्गाने हेच सांगते. मूलभूत हक्कांच्या विरुद्ध कायदा केला तर तो टिकत नाही, संसदेत कितीही हात वर झाले तरी. लोकशाही आणि मानवी हक्क या दोन गोष्टी एकत्र का बोलल्या जातात, ते येथे कळते. पहिलीत बहुतेकांचे राज्य आहे, दुसरीत एकट्याचे संरक्षण आहे.

मात्र अभिमानाच्या भरात आपण सत्य सोडू नये. संघ हे राज्य नव्हते. वज्जींच्या गणराज्याची भगवंतांनी प्रशंसा केली, परंतु तेथे कुळप्रमुखांची सभा होती, दास आणि कामकरी त्या सभेत बसत नव्हते. भिक्खुणी संघावर आठ गरुधम्म घातल्याचे परंपरेने नोंदले आहे. आणि बाबासाहेबांनी त्याच भाषणात पुढे विचारले होते की, भारताने ती लोकशाही एकदा गमावली, दुसऱ्यांदा गमावणार काय? वारसा असला म्हणजे तो आपोआप हाती राहतो असे नाही.

बौद्ध देशांकडे पाहिले तर हे अधिकच पटते. श्रीलंकेत १९३१ साली स्त्री-पुरुष सर्वांना मताधिकार मिळाला. आशियात एवढ्या लवकर तो फारसा कोठे नव्हता. परंतु स्वातंत्र्य मिळताच मळ्यांत राबणाऱ्या भारतीय वंशाच्या तमिळांचे नागरिकत्व गेले आणि त्याबरोबर मतही गेले. १९५६ साली फक्त सिंहली ही राजभाषा झाली. १९८३ च्या जुलैत तमिळांची कत्तल झाली. मतपेटी होती, बहुमत होते, बुद्धविहार होते. एकट्याचे संरक्षण नव्हते.

म्यानमारचे उदाहरण दोन्ही बाजूंनी शिकवणारे आहे. १९९० साली तेथे लोकशाही पक्षाला प्रचंड बहुमत मिळाले, लष्कराने सत्ता दिली नाही. २००७ च्या सप्टेंबरात हजारो भिक्खू रस्त्यावर उतरले आणि त्यांनी आपली भिक्षापात्रे उपडी केली. विनयात हा एक विधी आहे. जो उपासक संघाला हानी करतो त्याच्याकडून दान घ्यायचे नाही, म्हणून पात्र उपडे करायचे. सत्ताधाऱ्यांचे दान आम्ही नाकारतो, म्हणजे तुमच्या सत्तेला धम्माची मान्यता नाही, असे त्यांनी सांगितले. कोणत्याही परदेशी वकिलाला हे भाषांतर सुचले नसते. लोकांच्या मनात ते क्षणात पोचले. पण त्याच देशात २०१७ साली सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना बांगलादेशात पळून जावे लागले, आणि त्यांच्याविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्यांत काही चीवरधारीही होते. १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली. ज्यांनी एकाचे हक्क तुडवले जाताना मान फिरवली, त्यांचेही हक्क टिकले नाहीत.

येथे कोणी जपानचे नाव घेईल. जपानची राज्यघटना अमेरिकेने लादली, तरी ती टिकली कशी? १९४६ साली अमेरिकी अधिकाऱ्यांच्या मसुदा गटात बिआटे सिरोटा नावाची बावीस वर्षांची तरुणी होती. तिचे बालपण टोकियोत गेले होते, तेथील स्त्रियांची स्थिती तिने पाहिली होती. विवाह दोघांच्या संमतीनेच व्हावा आणि पती-पत्नीचे हक्क समान असावेत, असे कलम तिने लिहिले. हे जपानच्या संस्कृतीत बसत नाही, असे जपानी वाटाघाटी करणाऱ्यांनी सांगितले. ते सारे पुरुष होते. त्याच वर्षीच्या निवडणुकीत जपानी स्त्रियांनी प्रथम मत दिले आणि ३९ स्त्रिया निवडून आल्या. ते चोविसावे कलम आजही जसेच्या तसे आहे. शिवाय १९६८ साली टोकियोजवळच्या इत्सुकाइची गावात एका जुन्या कोठारात १८८१ सालचा एक मसुदा सापडला. तेथल्या एका शिक्षकाने गावकऱ्यांशी चर्चा करून २०४ कलमांची राज्यघटना लिहून ठेवली होती, आणि तिच्यात नागरिकांच्या हक्कांना मोठे स्थान होते. बी परके वाटत होते, तरी ती माती आधी नांगरून ठेवणारे त्या देशातही होते. नांगरणी झालेली नसेल तर बंदुकीच्या जोरावर पेरलेले उगवत नाही.

'संस्कृती' आणि 'अंतर्गत बाब' या ढाली आपल्याविरुद्धही वापरल्या गेल्या आहेत. २००१ साली दक्षिण आफ्रिकेतील दरबान येथे वंशवादाविरुद्ध जागतिक परिषद भरली. दलित संघटनांचे कार्यकर्ते तेथे गेले आणि जातीचा प्रश्न मांडू लागले. जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, अशी भूमिका भारत सरकारने घेतली. परिषदेच्या अंतिम घोषणेत जातीचा उल्लेख आला नाही. परंतु पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविषयक समितीने जन्माधारित भेदभावावर शिफारस केली आणि तीत जातीचे नाव घेतले. म्हणून सांगतो, 'हक्क ही पाश्चात्त्य कल्पना आहे' हे वाक्य आपल्यापैकी कोणी सहजपणे उच्चारू नये. ते आपल्याच पूर्वजांना वेशीबाहेर ठेवण्यासाठी वापरलेल्या वाक्याचे भावंड आहे.

मग कसोटी कोणती? माझ्या मते कसोटी सोपी आहे. एखादा हक्क आपल्या संस्कृतीत बसतो की नाही, हे त्या संस्कृतीत सर्वांत खाली बसवलेल्या माणसाला विचारावे. सासूला न विचारता सुनेला विचारावे. पाटलाला न विचारता वेठबिगाराला विचारावे. महाराष्ट्रात जातपंचायती लोकांना वाळीत टाकत होत्या आणि ही आमची रूढी आहे असे म्हणत होत्या. तक्रार घेऊन आलेली माणसे त्याच जातीतली, त्याच रूढीत वाढलेली होती. त्यांच्या लढ्यामुळे २०१६ साली सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा विधिमंडळात संमत झाला आणि २०१७ पासून लागू झाला. रूढी त्यांचीही होती, तरी त्यांनी न्याय मागितला.

आणि ही कसोटी दुसऱ्यांना लावायची तशी आपल्यालाही लावायची. महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू वारसा कायद्यात बदल करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका वाटा दिला. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. आपल्या वस्तीत किती बहिणींच्या नावावर तो वाटा लागला? आणि किती जणींकडून 'माहेर तुटेल' असे सांगून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या गेल्या? विहाराची साफसफाई आणि भोजनदानाचा स्वयंपाक स्त्रियांकडे असतो. कार्यकारिणीच्या बैठकीत ठरावावर त्यांचे मत कोणी विचारतो काय? मुलगी आपल्याच समाजातल्या पण दुसऱ्या पोटजातीतल्या मुलाशी लग्न करायचे म्हणते, तेव्हा घरात काय होते? अशा वेळी 'आपल्यात असे चालत नाही' हे वाक्य आपल्याही तोंडून निघते. तेच वाक्य ली क्वान यू यांनी सुशिक्षित भाषेत उच्चारले होते.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी सांगितले होते की, घटनात्मक नीती ही माणसाची नैसर्गिक प्रवृत्ती नाही, ती जोपासावी लागते, आणि भारताची माती मुळात लोकशाहीची नाही, लोकशाही हा तिच्यावर घातलेला वरचा थर आहे. अनेकांना हे निराशेचे बोल वाटतात. मला ते कामाची दिशा देणारे वाटतात. माती जन्मतःच कोणाचीच लोकशाहीची नसते. फ्रान्सचीही नव्हती, १७८९ चा जाहीरनामा करणाऱ्या त्या देशात स्त्रियांना मताधिकार १९४४ साली मिळाला. अमेरिकेचीही नव्हती, तेथे दक्षिणेतील कृष्णवर्णीयांना मतदानाचा हक्क प्रत्यक्षात मिळण्यासाठी १९६५ चा कायदा लागला. म्हणजे पश्चिमेलाही हे भाषांतर आपल्या समाजात करावे लागले, आणि तेथेही ते खालच्या माणसांनीच करवून घेतले.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला माझे एवढेच सांगणे आहे. दोन्ही वाचा. राज्यघटनेचा तिसरा भाग वाचा आणि विनयपिटकातील संघाच्या कामकाजाचे नियमही वाचा. मानवी हक्कांचा जाहीरनामा तीस कलमांचा आहे, एका बैठकीत वाचून होतो. वाचून झाल्यावर त्यातले एक कलम घ्या आणि ते आपल्या आजीला तिच्या बोलीत समजावून सांगा. तिला जेथे अडेल तेथे तुमचे भाषांतर कच्चे आहे असे समजा. ती जर म्हणाली, 'हे मला कोणी आधी का सांगितलं नाही?' तर तो हक्क कोणत्या संस्कृतीचा, हा प्रश्न तेथेच संपला असे समजायला हरकत नाही.

मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना माझी एक विनंती आहे. पुढच्या वार्षिक सभेत संघाची जुनी रीत पाळून पाहा. प्रत्येक ठराव तीनदा पुकारा, आणि तिसऱ्या वेळी पुकारताना मागच्या सतरंजीवर बसलेल्या भगिनींकडे पाहून पुकारा. मौन म्हणजे संमती हा नियम तेव्हाच खरा ठरतो, जेव्हा बोलायची मुभा सर्वांना असते.